कमरेच्या मणक्याचं फ्युजन ऑपरेशन: सारखे विचारले जाणारे प्रश्न

माझं एल४-एल५ चं फ्युजन होऊन आता तीन वर्षं झाली. तेव्हापासून ओळखीत कुणाची कंबर धरली, कुणाच्या पायात कळ गेली की फोन माझ्याकडे, आणि प्रश्न तेच तेच, म्हणून एकदाचं सगळं लिहून ठेवते. मी डॉक्टर नाही, पण ऑपरेशनच्या आधी आणि नंतर पडून असताना या एकाच विषयावर इतकं वाचलंय की घरचे वैतागले होते. निर्णय तुमच्या सर्जनशी बोलूनच घ्या, त्यांना काय विचारायचं तेवढं मी सांगू शकते.

फ्युजन म्हणजे नेमकं करतात काय?

दोन मणके कायमचे एकमेकांना जोडतात, बस. कमरेत पाच मणके, एल१ ते एल५, त्यांच्या खाली त्रिकास्थी, तिला रिपोर्टात एस१ लिहितात. झीज बहुतेक वेळा खालच्या दोन सांध्यांत, एल४-एल५ नाहीतर एल५-एस१, कारण सगळा भार तिथेच येतो. ऑपरेशनमध्ये दोन मणक्यांमधली झिजलेली गादी काढतात, तिच्या जागी केज नावाचा छोटा पोकळ ठोकळा बसवतात (टायटॅनियमचा किंवा पीक नावाच्या कडक प्लास्टिकचा), त्याच्यात आणि आजूबाजूला हाडाचा चुरा भरतात आणि मागून स्क्रू आणि रॉड लावून सगळं घट्ट धरून ठेवतात. एका लेव्हलला (म्हणजे दोन मणक्यांच्या एका जोडीला) चार स्क्रू, दोन रॉड.

आता गंमत अशी की लोकांना वाटतं स्क्रूनी मणके जोडले. स्क्रू म्हणजे स्लॅब भरताना खाली लावतात ते सेंटरिंग. खरं काम आत भरलेल्या हाडाचं, ते हळूहळू वाढून दोन्ही मणक्यांचं एक हाड होतं, त्याला तीन ते सहा महिने सहज लागतात, कुणाकुणाला वर्ष किंवा त्याहून जास्त. हाड धरलंच नाही तर कितीही भारी स्क्रू असू दे, रोजच्या हालचालीने तो कधीतरी ढिला होतो नाहीतर रॉड तुटतो. म्हणजे ऑपरेशन थिएटरमधून बाहेर आलात तेव्हा फ्युजन झालेलं नसतं, त्याची फक्त सुरुवात झालेली असते. हे एवढं डोक्यात बसलं की पुढची सगळी पथ्यं आपोआप समजतात.

ही कल्पना नवी नाही बरं का. १९११ मध्ये न्यूयॉर्कमध्ये हिब्स आणि अल्बी या दोन सर्जननी वेगवेगळी अशी ऑपरेशनं केली, मुख्यतः मणक्याच्या टीबीसाठी. अल्बीने तर नडगीच्या हाडाचा तुकडा काढून पाठीत बसवला. तेव्हा स्क्रू वगैरे काही नव्हतं, पेशंट महिनोन्महिने पडून.

एमआरआयमध्ये डिजनरेटिव्ह लिहिलंय, म्हणजे मणके सडले का?

सडले नाहीत, झिजले. गादीच्या आतला जेलीसारखा भाग पाणी धरून असतो, वय वाढतं तसं ते पाणी कमी होतं, गादी चपटी होते, एमआरआयवर काळी दिसते आणि मग आपण घरी येऊन सांगतो की मणक्यात गॅप आलीय. खरं तर गॅप कमी झालेली असते, पण असो.

२०१५ मध्ये एक मोठा आढावा आला होता, ज्यांना कंबरदुखी अजिबात नाही अशा लोकांचे स्कॅन गोळा करून केलेला. विशीतल्या ३७ टक्के लोकांत गादीची झीज सापडली आणि ऐंशीतल्या ९६ टक्के. गादी फुगलेली, ज्याला बल्ज म्हणतात, ती विशीत ३० टक्के आणि ऐंशीत ८४ टक्के. हे सगळे न दुखणारे लोक! त्यामुळे रिपोर्ट वाचून रात्र जागवू नका, केसं पांढरी होतात तशी गादी काळी होते. रिपोर्टातलं कुठलं वाक्य तुमच्या दुखण्याशी जुळतंय हे शोधणं डॉक्टरांचं काम, आणि ते त्यांनी तुम्हाला हात लावून, पाय उचलून, टाचेवर चालवून तपासल्याशिवाय होत नाही.

मग फ्युजन लागतं तरी कुणाला?

पहिलं स्वतःला विचारा, जास्त काय दुखतं, पाय की कंबर? कळ कुल्ल्यातून निघून पोटरीपर्यंत, पावलापर्यंत जाते, मुंग्या येतात, थोडं चाललं की पाय जड होतात आणि पुढे वाकून उभं राहिलं किंवा बसलं की बरं वाटतं, तर बहुतेक नस दबलेली असते. नस मोकळी करायचं ऑपरेशन वेगळं, त्याला डीकम्प्रेशन म्हणतात, मागचं थोडं हाड आणि जाड झालेला लिगामेंट काढून जागा करतात. त्यात फ्युजन असेलच असं नाही. पायाच्या दुखण्याला ऑपरेशनने जो आराम पडतो तेवढा खात्रीचा आराम नुसत्या कंबरदुखीला पडत नाही, हे कुठलाही प्रामाणिक सर्जन सांगेल.

फ्युजनचा विषय निघतो तो सांधा हलतोय, म्हणजे मर्यादेबाहेर हलतोय तेव्हा. मणका पुढे सरकलाय (स्पॉन्डिलोलिस्थेसिस), पाठीला बाक आलाय, किंवा नस मोकळी करताना इतकं हाड काढावं लागणार की सांधाच डळमळीत होईल. झिजेमुळे सरकण्याचा प्रकार एल४-एल५ ला जास्त, पन्नाशीनंतर जास्त आणि बायकांमध्ये जास्त, म्हणजे मी तिन्हीत बसले.

इथे माझी गोष्ट सांगते कारण ती उपयोगाची आहे. माझा एमआरआय बघून पहिल्या ठिकाणी सांगितलं की सरकणं नावालाच आहे, व्यायाम करा. दुसऱ्या डॉक्टरांनी मला उभं करून एक्सरे काढले, एक पुढे वाकून, एक मागे वाकून. दोन्ही फिल्म त्यांनी लाइटच्या डब्यावर शेजारी शेजारी लावल्या आणि पेनाने मणक्याच्या मागच्या कडेला रेघ ओढली, आणि मला माझ्या डोळ्यांनी दिसलं की वाकल्यावर वरचा मणका खालच्यावरून चक्क पुढे घसरतोय. एमआरआय झोपवून काढतात, झोपल्यावर तो बिचारा जागेवर जाऊन बसत होता. तर, कुणी फ्युजन सांगितलं आणि असा उभ्याचा, वाकून काढलेला एक्सरे झालाच नसेल तर आधी तो मागा.

सरकणं वगैरे काही नाही, नुसती गादी झिजलीय आणि कंबर दुखते. फ्युजन करू का?

इथे मी जरा स्पष्ट बोलणार. घाई करू नका. स्वीडनमध्ये २९४ जणांचा अभ्यास झाला, २००१ ला छापून आला, त्यात ऑपरेशनवाल्यांपैकी ६३ टक्के म्हणाले बरं वाटतंय आणि बिनऑपरेशनवाल्यांपैकी २९ टक्के. ऐकायला मस्त. पण बिनऑपरेशनवाल्यांना नेहमीचीच ट्रीटमेंट दिली होती. २००३ मध्ये नॉर्वेत ६४ जणांवर केलं तेव्हा दुसऱ्या गटाकडून नीट पद्धतशीर व्यायाम करून घेतला, दुखण्याची भीती कशी घालवायची ते शिकवलं, आणि एका वर्षाने दोन्ही गटांत फारसा फरक राहिला नाही. २००५ मध्ये ब्रिटनमध्ये ३४९ जणांवर तेच, ऑपरेशनचा फायदा होता पण अगदी थोडा. शेवटी २०१६ मध्ये ब्रिटनच्या नाइस या सरकारी संस्थेने सांगूनच टाकलं की नुसत्या कंबरदुखीसाठी फ्युजन देऊ नका, द्यायचंच तर रीतसर संशोधनाचा भाग म्हणून द्या.

म्हणजे कुणालाच फायदा होत नाही असं नाही, होतो काहींना. पण कुणाला होणार हे आधी ओळखायची खात्रीची युक्ती कुणाकडे नाही, आणि हे ऑपरेशन उलटं फिरवता येत नाही.

मणका सरकलाय म्हटलं की फ्युजन करावंच लागतं का?

यावर सर्जन लोकांतच दोन तट आहेत. २०१६ मध्ये एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन अभ्यास आले. स्वीडनवाल्यांनी २४७ पेशंट बघितले, म्हणाले नुसतं डीकम्प्रेशन केलं काय आणि जोडीला फ्युजन केलं काय, रिझल्ट सारखाच. अमेरिकेतल्या ६६ जणांच्या अभ्यासात फ्युजनवाल्यांची तब्येत थोडी बरी निघाली. मग २०२१ मध्ये नॉर्वेहून २६७ सरकलेल्या मणक्यांचा अभ्यास आला, त्यातही नुसतं डीकम्प्रेशन कमी पडलं नाही. म्हणून सर्जनला सरळ विचारा: माझा मणका हलतोय का नुसता सरकून बसलाय? फ्युजन न करता नस मोकळी केली तर काय होईल? पाय सुधारेल का कंबर, की दोन्ही? विचारल्यावर चिडले तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. चिडले नाहीत तरी घ्या.

आधी काय काय करून बघायचं?

नीट फिजिओ, म्हणजे काही महिने, चार दिवस करून सोडलेली नाही. वजन, गोळ्या, लागलं तर नसेजवळ स्टिरॉइडचं इंजेक्शन. इंजेक्शन घेतलं असेल तर तारीख सर्जनला सांगा, लगेच ऑपरेशन केलं तर इन्फेक्शनचा धोका वाढतो म्हणून मध्ये गॅप ठेवतात. पण पावलाची ताकद कमी होत चाललीय, लघवीचा कंट्रोल जातोय, तर वाट बघत बसायचं नाही, त्याबद्दल खाली लिहिलंय.

पीएलआयएफ, टीएलआयएफ, एएलआयएफ ही काय भानगड?

केज कुठून आत घालायचा त्याची नावं. पीएलआयएफ सरळ मागून, टीएलआयएफ मागून पण थोडं बाजूने म्हणजे नस कमी ओढावी लागते, एएलआयएफ पोटातून, आणि बरगडीखालून कुशीतून करतात ते एक्सएलआयएफ, ओएलआयएफ. पोटातून केलं तर मोठा केज बसवता येतो आणि पाठीचे स्नायू वाचतात, पण वाटेत मोठ्या रक्तवाहिन्या असतात, आणि पुरुषांमध्ये कधीकधी वीर्य बाहेर न येता उलटं मूत्राशयात जातं, मूल हवं असेल तर हे आधी विचारून घ्या, लाजू नका. दुर्बिणीतून छोट्या छेदाने करतात त्यात रक्त कमी जातं, हॉस्पिटलमधून लवकर सुटतात, पण वर्षाभराने बघितलं तर फार फरक राहत नाही. तुमच्या सर्जनचा हात ज्या पद्धतीत बसलाय ती पद्धत चांगली, असं माझं मत.

हाडाचा चुरा कुठून आणतात?

बऱ्याचदा तुमचाच. नस मोकळी करताना जे हाड काढतात तेच बारीक करून परत भरतात. कमी पडलं तर कमरेच्या बाजूच्या हाडातून घेतात, ती जागा काही जणांना पाठीपेक्षा जास्त दुखते. शिवाय दान केलेलं प्रक्रिया केलेलं हाड, कृत्रिम दाणे, आणि बीएमपी नावाचं हाड वाढवणारं प्रोटीन. बीएमपीला अमेरिकेत २००२ मध्ये परवानगी मिळाली आणि २०११ च्या सुमारास त्याचे दुष्परिणाम कमी करून दाखवले म्हणून मोठा वाद झाला. वापरणार असतील तर का, ते विचारा.

सिगरेट, तंबाखू चालेल का?

नाही. निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात, नवीन हाडाला रक्त मिळत नाही आणि ते धरत नाही. ओढणाऱ्यांमध्ये फ्युजन फेल जाण्याचं प्रमाण स्पष्ट जास्त असतं. निदान चार ते सहा आठवडे आधी बंद आणि नंतर हाड धरेपर्यंत बंद, म्हणजे कित्येक महिने. तोंडात धरायचा तंबाखू, व्हेप सगळं त्यात आलं. सोडण्यासाठी निकोटीनचं च्युइंगगम घेताय तर तेही सर्जनला सांगा, काही सर्जन रक्तात निकोटीन तपासतात आणि सापडलं तर तारीख पुढे ढकलतात.

शुगर आहे, हाडं ठिसूळ आहेत, तर?

शुगर आधी ताब्यात आणतात, एचबीए१सी (मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी रक्ततपासणी) साधारण साडेसात-आठच्या खाली असावं असा बऱ्याच ठिकाणी आग्रह असतो, नाहीतर जखम चिघळते. ठिसूळ हाडात स्क्रू म्हणजे ओल्या भिंतीत खिळा. पन्नाशीपुढच्या बायकांनी डेक्सा स्कॅन (हाडांची घनता मोजतात तो) आणि व्हिटॅमिन डी आधीच करून घ्या, गरज पडली तर आधी काही महिने हाडांचं औषध देऊन मग स्क्रू लावतात. रक्त पातळ करायच्या गोळ्यांचं आधीच सांगा, मनाने बंद करू नका.

शुद्धीवर आल्यावर किती दुखतं?

दुखतं. खोटं कशाला बोलू. एका लेव्हलला साधारण दोन ते चार तास लागतात, पालथं झोपवून, पूर्ण भूल देऊन. मला जाग आली तेव्हा पायातली कळ गायब होती, आणि पाठ मात्र कुणीतरी कुऱ्हाड मारून तशीच ठेवल्यासारखी. दुसऱ्या दिवशी उभं करतात, आणि त्यासाठी आधी ओंडक्यासारखं लोळायला शिकवतात: गुडघे वाकवायचे, खांदा आणि ढुंगण एकत्र वळवून कुशीवर यायचं, पाय पलंगाखाली सोडायचे आणि त्याच वेळी हाताने रेटून उठायचं, मधे कुठेही पीळ पडता कामा नये. ऑपरेशनच्या आठवडाभर आधीपासून घरच्या पलंगावर हे दहादा करून बघा, मी केलं नव्हतं आणि पहिल्या वेळी अर्ध्यात अडकून रडले.

एक गोष्ट मला हॉस्पिटलमध्ये कुणीच सांगितली नाही आणि त्याचा राग अजून आहे. जोरकस दुखण्याच्या गोळ्यांनी पोट दगड होतं. पाचव्या दिवशी पाठीपेक्षा पोटानेच जीव गेला, आणि जोर करायला तर बंदी. पोट साफ व्हायचं औषध पहिल्या दिवसापासून मागून घ्या, पाणी प्या.

घरी आल्यावर काय करायचं नाही?

वाकायचं नाही, उचलायचं नाही, पिळायचं नाही. उचलायचं म्हणजे चार-पाच किलोच्या वर काही नाही, निदान सहा आठवडे, पुढे सर्जन सांगतील तसं. नातवंड, बादली, गॅस सिलिंडर काही नाही. चालणं मात्र औषध आहे, पाच मिनिटांपासून सुरू करा आणि रोज थोडं वाढवा. सलग बसणं सगळ्यात वाईट, अर्ध्या तासाने उठा.

घरातली तयारी आधी करा: रोजचं सगळं कमरेच्या उंचीवर आणून ठेवा, कमोड बुटका असेल तर वर उंच सीट, बाथरूममध्ये धरायला दांडी, पायात सटकन जाणारी चप्पल, आणि एक लांब चिमटा. माझ्या पायात मोजे दीड महिना नवऱ्याने घातले. एकदा जमिनीवर पडलेलं पेन बघत मी दहा मिनिटं उभी होते, उचलता येत नाही आणि हाक मारायला लाज वाटतेय. दुखण्याच्या साध्या गोळ्या, आयब्युप्रोफेन वगैरे, मनाने घेऊ नका, हाड धरण्यात अडथळा येतो असं मानणारे सर्जन सुरुवातीला त्या बंद ठेवतात.

बेल्ट लावायचा का?

कुणी सांगतात, कुणी नाही. त्याने हाड लवकर धरतं याला ठोस पुरावा नाही, पण वाकायचं नाही याची आठवण राहते.

कामावर कधी? गाडी कधी? आणि ते... संबंध कधी?

बसून काम असेल तर चार ते आठ आठवडे, तेही सुरुवातीला अर्धा दिवस. अंगमेहनत असेल तर तीन ते सहा महिने, कधी जास्त, आणि काहींना काम बदलावं लागतं. गाडी चार ते सहा आठवड्यांनी, गुंगीच्या गोळ्या पूर्ण बंद झाल्यावर आणि ब्रेक दणकून दाबता येतोय याची खात्री झाल्यावर. संबंध साधारण तेवढ्याच काळाने, ज्याची पाठ आहे त्याने उताणं झोपायचं, दुसऱ्याने कष्ट करायचे.

कायमची ताठ होणार का मी?

एका लेव्हलला नाही. पुढे वाकताना बराच भाग खुब्यातून येतो, लोकांना कळतही नाही. मी आता बुटाची लेस बांधते, फक्त पाय खुर्चीवर ठेवून. तीन-चार लेव्हल केल्या तर फरक पडतो, पायाची नखं कापणं हा प्रोजेक्ट होतो.

बिघडू काय शकतं?

इन्फेक्शन, नसेच्या आवरणाला चीर पडून पाणी गळणं (टेबलावरच शिवतात, एक-दोन दिवस आडवं ठेवतात), पायात रक्ताची गाठ, स्क्रू चुकीच्या जागी, नसेला इजा. हाड न धरणं, ज्याला सूडआर्थ्रोसिस म्हणतात, ते महिन्यांनी कळतं, आधी बरं वाटतं आणि मग परत दुखायला लागतं, सीटी स्कॅनमध्ये दिसतं. आणि सगळं एक्सरेत छान दिसूनही दुखणं तसंच राहतं, हेही होतं, आणि ते बहुतेक चुकीच्या कारणासाठी ऑपरेशन केल्याने होतं, म्हणून वर एवढं डोकं खाल्लं.

एक जोडला की शेजारचा जातो म्हणतात, खरंय?

थोडंफार खरं. जोडलेला सांधा हलत नाही म्हणून शेजारच्यावर भार वाढतो. २००४ च्या एका अभ्यासाचा अंदाज होता की पाच वर्षांत साधारण १६ टक्के आणि दहा वर्षांत ३६ टक्के लोकांना शेजारच्या लेव्हलचं ऑपरेशन लागतं. त्यातली किती झीज वयाने तशीही झालीच असती यावर अजून वाद आहे. हातात असतं तेवढं करा, वजन आणि पोट-पाठीचे स्नायू.

ताबडतोब हॉस्पिटल कधी गाठायचं?

बसताना खुर्चीला टेकतो तो भाग बधिर झाला, लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, पाऊल लुळं पडलं, तर त्याच तासाला, रात्र असली तरी. ऑपरेशन झालेलं असो वा नसो. नंतरच्या दिवसांत ताप, जखमेतून पाणी किंवा पू, बसल्यावर वाढणारी आणि आडवं झाल्यावर थांबणारी जोरदार डोकेदुखी, एका पोटरीला सूज, तर लगेच कळवा. छातीत दुखून दम लागला तर फोनाफोनीत वेळ न घालवता सरळ इमर्जन्सीत जा.

स्क्रू नंतर काढतात का? एमआरआय करता येतो का?

सहसा काढत नाहीत, टोचत असतील, ढिले झाले किंवा इन्फेक्शन झालं तरच. टायटॅनियम असेल तर एमआरआय बहुतेक करता येतो, स्क्रूच्या आसपास चित्र मात्र धूसर येतं. विमानतळावर मशीन सहसा वाजत नाही, माझं एकदा वाजलं, पाठीवरचा व्रण दाखवायची तयारी केली पण त्या बाईंनी हाताने तपासून सोडलं. डिस्चार्जच्या वेळी ऑपरेशनची नोट आणि इम्प्लांटचे स्टिकर लावलेला कागद मागून घ्या आणि फोनमध्ये फोटो काढून ठेवा, दहा वर्षांनी कुणाला स्क्रू बदलायची वेळ आली तर कुठल्या बनावटीचा आहे हे त्या स्टिकरवरूनच कळतं, माझा कागद एक्सरेच्या पाकिटात होता आणि ते पाकीट घर आवरताना रद्दीत गेलं.